सामाईक नंबर

माझ्या नावावरच्या एका नंबरावर तीन ड्रोन उडायचे आणि मला त्यातला एकही उडवता येत नाही. शिकवण्यात आण्णांनी काही कसर ठेवली नाही, पण ते रिमोट हातात आलं की माझ्या बोटांना घाम फुटतो आणि यंत्र तडक बाभळीत जाऊन बसतं. शेवटी एकदा ते बाभळीतून काढताना आण्णांच्या पाठीत काटे मोडले, तेव्हा त्यांनी माझा नाद सोडला.

आण्णा म्हणजे माझे वडील, रंगनाथ. कर्जतला स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं मोटरी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की लोक ती आमच्याकडे आणून टाकतात. आण्णा तिच्यातली जळकी तार उपसून काढतात आणि नवी तार गुंडाळून देतात. त्याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. उन्हाळ्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि आण्णांना जेवायला सवड नसते. माणूस साधा. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वेड फक्त एकच.

ते लागलं एका लग्नात. मांडवावर ड्रोन फिरत होता, सगळं वऱ्हाड अक्षता टाकत होतं आणि आमचे आण्णा हातातल्या अक्षता तशाच धरून वर बघत उभे होते. घरी आल्यावर आईला म्हणाले, "चार मोटरी आन् एक पाटी. एवढंच तर हाय." मग पुण्याहून सामान मागवणं सुरू झालं. पहिलं यंत्र उंबऱ्याइतकं वर उडालं आणि आईनं खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर जाऊन पडलं. आई दोन दिवस बोलली नाही. पण पुढच्या वर्षी आण्णांचं यंत्र गावाबाहेरच्या माळावर असं तरंगायला लागलं की गुरं राखणारी माणसंसुद्धा थांबून बघायची. आण्णा त्याला पाखरू म्हणायचे. गावातले लोक थट्टेनं विचारायचे, "काय रंगनाथ, आज पाखरू काय बातमी आनतंय?"

वेड्याला वेडे भेटतातच. एक सूर्यभानकाका. त्यांचा ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र, आवाजही तसाच. दुसरे आदिनाथ सर. ते विज्ञानाचे क्लास घ्यायचे. त्यांनी पाखराच्या पंखांचं गणित वहीत मांडलं होतं, पण यंत्र मात्र आण्णांनीच जुळवून दिलं होतं. दर रविवारी सकाळी ही तिघं माळावर. एकाची उडवून झाली की दुसऱ्याची पाळी, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपलं सगळ्यात स्थिर उडतं.

मग ड्रोनची नोंदणी सक्तीची असल्याची बातमी आली. बिननंबरी यंत्र सापडलं तर जप्त होणार. त्या दिवशी दुकानात चहावर जे रणकंदन झालं, ते मी कोपऱ्यात पोलीस भरतीचा अभ्यास करता करता ऐकत होते.

"उद्या पतंगाला नंबर मागतील," सूर्यभानकाका म्हणाले. "परवा गोफनीतल्या दगडाला. मी माझ्या पैशानं, माझ्या माळावर, माझं खेळनं उडवतोय. सरकारचं काय जातंय?"

"माळ गायरान आहे, तुमचा नाही," सर म्हणाले. "आणि खेळणं डोक्यावर पडलं तर? गाडीला नंबर चालतो ना तुम्हाला? मग याला का नको? वर उडणारी वस्तू कुणाची आहे, ते खालच्या माणसाला कळलंच पाहिजे. नियम बरोबर आहे."

"बरोबर असल. पन चोर नंबर घेनार हाय का? सापडनार कोन? आपन. येडे नंबर घेनार आन् पोलीस पयले त्यांच्याच दारात येनार."

आण्णा एका मोटरीत तार भरत होते. मान वर न करता म्हणाले, "मला कायबी चालंल. निस्तं उडवू द्या."

मला सरांचं पटत होतं, आजही पटतं. पण नोंदणी कुणाच्या नावावर करायची म्हटल्यावर सगळ्यांचे चहा गार झाले. सूर्यभानकाकांची बांधाची केस कोर्टात होती, त्यांना कुठल्याच सरकारी कागदावर नवं काही नको होतं. सरांच्या क्लासची स्वतःचीच नोंदणी नव्हती आणि हे तासभर नोंदणीवर प्रवचन झोडत होते. आण्णा तर पोलीस ठाण्याच्या रस्त्यानं जायचं झालं तरी पलीकडच्या कडेनं चालणारे. मग तिघांचीही नजर माझ्याकडे वळली.

"मोनीचं सगळं कागद चोख हायत," आण्णा म्हणाले. "आन् तिला ऑनलाईनचं कळतंय."

आमच्याकडे हे नवं नाही. ट्रॅक्टर बायकोच्या नावावर, पिठाची गिरणी आईच्या नावावर, ज्याच्या नावावर सोपं जाईल त्याच्या नावावर. मीही फुशारून गेले. तीन बाप्ये माझ्याकडे बघून म्हणतायत, तुझ्यावाचून होत नाही. मी आण्णांच्या यंत्राची नोंद माझ्या नावावर केली, नंबर आला आणि आण्णांनी स्टार्टरच्या पेटीवर नाव घालतात त्या पांढऱ्या रंगानं तो पाखराच्या चारही हातांवर घातला. रंग उरला होता. तो त्यांनी सूर्यभानकाकांच्या आणि सरांच्या यंत्रावरही चालवला. नंबर तोच.

"अहो आण्णा, प्रत्येकाला वेगळा नंबर लागतो," मी म्हणाले.

"का?" सूर्यभानकाका म्हणाले. "आमच्या विहिरीला मीटर कितीयत? येक. थोरल्या भावाच्या नावावर. पानी तिघं भाऊ घेतोय, पाळीनं. कधी काय अडलंय? आमी तिघं येका टायमाला उडवतोय का? ज्याची पाळी, त्याचा नंबर."

सरांना हे चूक आहे हे कळत होतं. त्यांनी "तांत्रिकदृष्ट्या बघायला गेलं तर" असं सुरू केलं आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

पुढच्या पावसाळ्यात गावोगाव ड्रोन दिसायला लागले. खरे किती आणि खोटे किती, देव जाणे. चोर वरून घरं हेरतात, असं जो तो सांगायचा. माणसं काठ्या घेऊन वस्तीवस्तीवर जागायची. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका पोराला लोकांनी धरून बडवलं. मला ठाण्यातून फोन आला. हवालदार सहादेव बोलत होते. "मोनिका रंगनाथ तूच का? तुझ्या नावावर ड्रोन आहे. उडवते का कुठं?" मी म्हणाले, "न्हाई, माळ्यावर ठेवलाय." "तिथंच राहू दे," ते म्हणाले, आणि विषय संपला. पण सूर्यभानकाकांनी दुकानात मांडीवर थाप मारली. "म्हनलं नव्हतं? पयले आपल्याच दारात!" आणि सर, ज्यांना नियम बरोबर वाटत होता, ते त्या दिवसापासून म्हणायला लागले की नोंद केली ती घाईच झाली. त्या दोघांचीही यंत्रं माळ्यावर गेली.

गावाबाहेर जिथं ते तिघं यंत्रं उडवायचे, त्याच माळावर मी धावायचे. सकाळी अंधार सरता सरता आण्णा मोटरसायकलवरून सोबत यायचे, मी धावायचे, ते वेळ लावायचे. मैदानी झाली, लेखी झाली आणि निवड यादीत माझं नाव आलं. आईनं पेढे वाटले. आण्णा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मोटर राहू द्या, आधी पेढा घ्या म्हणत होते. आता फक्त चारित्र्य पडताळणी उरली होती. म्हणजे ठाण्यातून वर कळवायचं की या मुलीच्या नावावर काही तक्रार नाही. सगळे मला बजावत होते, तोवर नळावरसुद्धा कुणाशी तोंड वाजवू नको. मी वाजवत नव्हते. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं ते मलाच माहीत.

ज्वारी निघाली, कडब्याच्या गंज्या लागल्या आणि एके दिवशी सूर्य मावळताना आण्णा मागच्या दारानं घरात आले. पायात चप्पल नव्हती. घोट्यापासून खाली रक्त होतं.

"मोने," ते म्हणाले, "पडलं."

"काय पडलं?"

"पाखरू. मालनबाईच्या गंजीवर."

मी अंगणात पळाले. मालनबाईंच्या वस्तीवरून धूर वर चढत होता आणि खाली लाल उजेड दिसत होता. ओरडणं ऐकू येत होतं. मी आत आले तर आण्णा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनीच सगळं सांगितलं, मला काही उकरून काढावं लागलं नाही. पाखराच्या मोटरी त्यांनी हातानं नव्यानं भरल्या होत्या. त्या भरून होत्या आणि पाखरू माळ्यावर पडून होतं, हे त्यांना सोसवत नव्हतं. एकदाच उडवून बघू म्हणून ते एकटेच गेले. वर गेल्यावर एक मोटर जळाली, पाखरू तिरकं होऊन वस्तीकडे गेलं आणि गंजीवर आदळलं. ती बॅटरी चेपली की पेट घेते. कडबा वाळलेला होता. ते मागोमाग गंजीपर्यंत पळत गेले, तोवर पेटलं होतं.

"तुमी तिथं थांबला न्हाईत?"

"लोकं काठ्या घिऊन पळत आली. ड्रोनवाला कुठंय, धरा म्हनत हुती." त्यांनी पायांकडे बघितलं. "मी धसकटातनं पळालो."

मालनबाई वस्तीवर एकट्या असतात. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, हंगाम संपेपर्यंत परत येत नाहीत. म्हातारीजवळ एक गाय, तिची कालवड आणि उन्हाळाभराचा कडबा, एवढंच. लोकांनी गायीचं दावं तोडून तिला बाहेर काढलं. कालवड गंजीला लागून बांधलेली होती. ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून तिघं बसले होते, मी दारात उभी. एक गोष्ट गावभर झाली होती. पाखरू आदळलं तेव्हा त्याचा एक हात तुटून लांब उडाला होता, तो जळाला नव्हता आणि तो मालनबाईंनी उचलून घरात ठेवला होता. वस्तीवरचे लोक म्हणत होते, चोरांचा ड्रोन होता.

"त्यावर नंबर आहे," सर म्हणाले. "त्यांना वाचता येत नाही. पण आज ना उद्या वाचणारा कुणीतरी जाईलच."

"मग रंगनाथनं जाऊन सांगावं," सूर्यभानकाका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली होता. "विहिरीवर रीत हाय. ज्याच्या पाळीत मोटर जळाली त्यानं ती भरून द्यायची. आपन तिघं मिळून कडबा टाकू, पन सांगावं त्यानं."

"सांगितलं की तक्रार. तक्रार आली की नंबर. नंबर आला की मोनिका." सरांनी एकेक शब्द सावकाश टाकला. "पडताळणी चालू आहे तिची. तुमची विहिरीची रीत ठाण्यात चालत नाही. त्यापेक्षा तो तुकडा आणा. कडबा आपण गुपचूप देऊच."

मी आण्णांकडे बघत होते. ते बोटाला तारेचा वेढा देत होते आणि सोडत होते. मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि म्हणेल, मी जातो. माझा बाप आहे, म्हणेलच.

"तू गेलीस तर दिल ती," आण्णा म्हणाले. "तुझ्यावर तिचा लई जीव हाय."

मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आणि तरी मी गेले. कारण मला नोकरी हवी होती. आण्णांसाठी गेले, असं मी सांगू शकले असते, पण तसं नाही. त्या माळावर मी उलट्या होईपर्यंत धावले होते. एका तुकड्यासाठी ते सगळं मातीत जाणार असेल तर तो तुकडा मला हवा होता.

आण्णांनी मोटरसायकल वस्तीच्या अलीकडे ओढ्याच्या मोरीवर थांबवली. "मी हितंच थांबतो," म्हणाले. मी एकटीच आत गेले.

जळक्या कडब्याचा आणि त्याहून वाईट असा वास सगळीकडे होता. गाय लांब बोरीखाली बांधली होती. शेजाऱ्यांनी दिलेल्या चार पेंढ्या तिच्यापुढं तशाच पडल्या होत्या. मालनबाई दारात बसल्या होत्या, मला बघून उठल्या.

"आली व्हय माझी फौजदारीन," त्या म्हणाल्या. "बस. चहा कोरा करते, दूध न्हाई. सकाळधरनं पान्हा सोडंना गाय. तोंड फिरवून फिरवून त्या जाग्याकडं बघतीय."

"राहू द्या, मावशी," मी म्हणाले. इथवर येताना वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं डोक्यातून गेलं होतं. पण मला काही बोलावंच लागलं नाही. त्या आत गेल्या आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या.

"हे बघ. त्या मेल्याचं हाय. ह्याच्यावर काय तरी लिवलंय. पोरं म्हनत हुती आमच्याकडं द्या, मोबाईलवर टाकतो. मी न्हाई दिलं. म्हनलं, आमची मोनी पोलीस झालीय, तिलाच दिन. परक्याच्या हातात दिलं तर कुठंबी जाईल. आपल्या मानसाच्या हातात गेलं म्हंजी काळजी न्हाई."

फडकं माझ्या हातात आलं. आत पाखराचा हात होता, एका टोकाला वितळलेला. पांढऱ्या रंगातले आकडे शाबूत होते. आण्णांचं अक्षर. तो नंबर मला तोंडपाठ होता, न बघता सांगता आला असता.

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी तो तुकडा पर्समध्ये टाकला. "बघते, मावशी," म्हणाले आणि उठले. बघते. कुठल्याही ऑफिसात गेलं की खिडकीपलीकडचा माणूस हेच म्हणतो. मी अंगण ओलांडलंसुद्धा. मागं मालनबाई गाईजवळ गेल्या होत्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत तिला सांगत होत्या, "खा गं बाय आता. मोनी बघनार हाय म्हनली."

मला पुढं पाऊल टाकता येईना. लाज वाटली, दुसरा शब्द नाही. मी ठाण्यात खुर्चीवर बसेन आणि अशीच एखादी म्हातारी फडक्यात काहीतरी घेऊन येईल, तेव्हा मी काय करणार आहे ते मला त्या अंगणात कळलं. मी आत्ताच ते करून बसले होते.

मी परत फिरले. तुकडा काढून त्यांच्या हातात दिला.

"मावशी, हे माझं हाय."

त्या आधी हसल्या. "काय बोलतीस? तुझ्या हातात कवा बघितलं न्हाई ते."

"नंबर माझ्या नावावर हाय."

हसू गेलं. त्यांनी तुकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आन् उडवत कोन हुतं?"

मी रस्त्याकडे बघितलं. मोरीवर आण्णा डोक्याला उपरणं गुंडाळून, आमच्याकडे पाठ करून बसले होते. मी हाक मारली. "आण्णा! हिकडं या." ते हलले नाहीत. मी पुन्हा ओरडले, माळावर धावताना त्यांना ओरडायचे तशी. मग ते उठले. येताना त्यांचे पाय दुखत होते, ते लंगडत होते. मला त्याचंही वाईट वाटलं नाही.

ते जळक्या जागेच्या कडेला येऊन थांबले. मालनबाईंना सांगावं लागलं नाही.

"रंगनाथ, तू व्हय," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांची मोटर तूच भरून द्यायचास."

"वैनी, चुकलं माझं. कडबा आनून टाकतो. कालवड बी—"

"कडब्याचं ऱ्हाऊ दे." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून ऐकवत नव्हता. "मी आत भाकरी करत हुते. थापायच्या आवाजात मला कळलंच न्हाई. पळायच्या आधी येक हाक मारायचीस. मालन, पेटलंय, म्हनायचंस. मी दावं सोडलं असतं. तिथनं दारापत्तोर कितीकसं लांब हाय, बघ."

आण्णांनी तिथंच जमिनीवर बसकण मारली आणि तोंडावर उपरणं घेतलं. माझे आण्णा रडताना मी कधी बघितले नव्हते. त्यांना उठवावं, जवळ घ्यावं असं वाटायला हवं होतं. मला मालनबाईंचं म्हणणं ऐकू येत होतं, तेवढंच. एक हाक.

"लिव्हायला येतंय ना तुला?" मालनबाई मला म्हणाल्या. "मग लिव्ह. पंचनाम्याबिगर भरपाईसाठी मला कोनी दारात उभं करायचं न्हाई. आन् सगळी वस्ती चोर आलं म्हनून जागतीय. त्यास्नी कळू दे, चोर न्हवता."

मी पर्समधल्या फाईलमधून कोरा कागद काढला आणि ओट्यावर बसून लिहायला लागले. आण्णांनी उपरणं बाजूला केलं.

"लिही. समदं लिही. पन उडवत मी हुतो. माझं येकट्याचं नाव घाल. मोने, तुझं नको घालू."

"नंबर माझा हाय, आण्णा."

"मी सांगतो ना साहेबाला. पोरीचा काय संबंध, म्हनतो."

"तुमी काय सांगाल ते सांगा. उडवनारे तुमी, नंबर माझा. दोन्ही लिव्हावं लागतंय." मी लिहीत राहिले. "ह्यासाठीच तर नंबर असतोय."

ते मालनबाईंकडे वळले. "वैनी, तुमी तरी सांगा तिला. तिची नोकरी जाईल."

मालनबाई गाईकडे बघत होत्या. माझं पेन थांबलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटत होतं की त्यांनी म्हणावं, जाऊ दे पोरी, तुझं नाव खोड. त्यांनी म्हटलं असतं तर मी खोडलं असतं.

"मला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "तिनं खरं लिवलं असंल तर मी अंगठा देते."

ठाण्यात आम्ही मोटरसायकलवरूनच गेलो, आण्णा पुढं, मध्ये मालनबाई, मागं मी. ठाण्याच्या दारात आण्णांचे पाय अडले, पण या वेळी ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेले नाहीत.

हवालदार सहादेव टेबलाशी बसले होते. मला बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"ये ये. तुझंच काम काढलंय बघ आज," त्यांनी समोरचा कागद थोपटला. "'काही तक्रार नाही' एवढं लिहिलं की सायंकाळी वर जातंय. पेढे कुठायत? हात हलवत आलीस होय?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती, अजून वेळ आहे म्हणून. मागं मालनबाई दाराशीच अंग चोरून उभ्या होत्या, फडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून. आत यावं की न यावं, ते त्यांना कळत नव्हतं.

"साहेब, ते लिहू नका," मी म्हणाले. "आधी ह्या मावशींची तक्रार घ्या."

आणि मी मालनबाईंना बसायला खुर्ची ओढली.